स्केल मॉडेलचे फोटो: आधी मागचा पडदा, मग लाइट, कॅमेरा सगळ्यात शेवटी

दोन-दोन महिने खपून विमानाचं नाहीतर रणगाड्याचं छोटं किट बांधायचं, सांधे घासायचे, डेकल (खुणांची पातळ स्टिकरं) जीव मुठीत धरून बसवायचे, वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) मारायचा, वेदरिंग करायचं म्हणजे मळकं-वापरलेलं दाखवायचं आणि फोटो मात्र कामाच्याच टेबलावर उरकायचा, मागे रंगाच्या बाटल्या, वर ट्यूबलाइट, वरून मोबाइलचा फ्लॅश. मग प्रश्न येतो, प्रत्यक्षात रंग छान आहे पण फोटोत फिका का दिसतो, पॅनेल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या खाचा, गेल्या कुठे. आणि त्यावर हमखास कुणीतरी सांगतं की चांगला कॅमेरा घे.

कॅमेरा नका घेऊ. म्हणजे घ्यायचा तर घ्या, पण त्याने हे सुटणार नाही. चूक क्रमात आहे. आपण आधी कॅमेरा हातात घेतो, मग अँगल शोधतो, मग अंधार वाटला की एखादा दिवा पेटवतो आणि मागचं घाण दिसलं की शेवटी एक कागद कसातरी उभा करतो. हे सगळं बरोबर उलटं करायचं आहे. खाली १/७२ चं (म्हणजे खऱ्याच्या ७२ पट लहान) विमान, १/३५ चा रणगाडा आणि १/२४ ची गाडी डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, बाकी स्केलला तेच लागू.

## सामान

दोन टेबल लॅम्प, दोन्हीत एकाच प्रकारचे, शक्यतो एकाच खोक्यातले एलईडी बल्ब. बल्बवर ५००० ते ५६०० केल्व्हिनच्या (उजेड पिवळा की निळसर ते सांगणारा आकडा) आसपास लिहिलेलं असावं आणि सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर असेल तर उत्तम, कारण कमी सीआरआयच्या उजेडात लाल आणि तपकिरी रंग मेल्यासारखे दिसतात आणि रणगाडेवाल्यांचं अर्धं आयुष्य तपकिरीतच जातं. ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरं कापड. मॅट कागदाचा मोठा तुकडा, राखाडी. पांढऱ्या आणि काळ्या कार्डशीटचे हाताएवढे तुकडे. ट्रायपॉड, किंवा मोबाइल हलणार नाही असं काहीही. चिकटपट्टी. झालं.

## १. मॉडेल पुसा, खरंच पुसा

हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. १/७२ च्या विमानावर पडलेला कापसाचा एक धागा त्या स्केलमध्ये दोरखंडाएवढा दिसतो. मऊ मेकअप ब्रश आणि हवेचा रबरी फुगा वापरा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे उडतात. कॅनोपीवरचे (कॉकपिटच्या काचेवरचे) आणि ग्लॉस, म्हणजे चकचकीत, गाडीवरचे बोटांचे ठसे मऊ कापडाने घालवा आणि त्यानंतर मॉडेल खालून धरा.

तपासा: टॉर्च अगदी आडवा धरून मॉडेलवरून फिरवा. धूळ, गोंदाचे डाग, डेकलची चमकणारी कड, सगळं लगेच दिसेल. आत्ता दिसलं तर दोन मिनिटांचं काम, फोटोत दिसलं तर अर्ध्या तासाचं.

## २. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा

ही पायरी एवढी सोपी आहे की लोक वगळतातच. खिडकीतून निळसर उजेड, वर पिवळा बल्ब, बाजूला पांढरा लॅम्प असं असलं की कॅमेरा कोणता उजेड खरा धरायचा ह्यात गोंधळतो, मग विमानाचा एक पंख निळा आणि दुसरा पिवळट येतो, आणि हे नंतर एडिटिंगमध्येही नीट सुटत नाही कारण एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. पडदे ओढा, छताचा दिवा बंद करा.

खिडकीचाच उजेड वापरायचा असेल तर खुशाल वापरा, ढगाळ दिवशी तो कुठल्याही लॅम्पपेक्षा भारी असतो, पण मग सगळे लॅम्प बंद. दोन्ही एकत्र नाही.

## ३. बॅकग्राउंड

राखाडीपासून सुरुवात करा. पांढरा कागद बघायला स्वच्छ वाटतो पण त्यावर फिक्या रंगाचं विमान हरवतं, शिवाय कॅमेरा एवढा पांढरा बघून फोटो आपोआप काळवंडवतो. काळ्यावर गडद टायर आणि ट्रॅक गायब होतात. मधल्या राखाडीवर जवळपास सगळं चालतं.

कागद मोठा हवा. १/७२ चं लढाऊ विमान साधारण १२-१३ सेंटिमीटरचं असतं, म्हणून लोकांना वाटतं ए४ कागद पुरेल. नाही पुरत. कॅमेरा थोडा खाली घेतला की कागदाची वरची कड फ्रेममध्ये शिरते. ए२ म्हणजे ४२ बाय ५९.४ सेंटिमीटर, हे कमीत कमी धरा. मोठं विमान किंवा जहाज असेल तर ए१.

आता लावायचं असं: कागदाची वरची कड भिंतीला किंवा पुस्तकांच्या उभ्या चळतीला चिकटवा, कागद खाली सोडा, टेबलावर पुढे येऊ द्या. भिंत आणि टेबल जिथे मिळतात तिथे कागदाला घडी घालायची नाही, तो मोठ्या गोलाईत वळला पाहिजे. घडी पडली की फोटोत मॉडेलच्या मागे एक रेघ येते आणि बघणाऱ्याला लगेच कळतं की हा कोपरा आहे. पुढची कडही टेबलाला चिकटवा, नाहीतर कागद हळूहळू सरकतो आणि बाराव्या फोटोनंतर तुमच्या लक्षात येतं.

मग सगळ्यात महत्त्वाचं, मॉडेल कागदाच्या उभ्या भागापासून लांब ठेवा. कमीत कमी ३० सेंटिमीटर, जागा असेल तर ५०. मॉडेल मागच्या कागदाला खेटून ठेवणं ही मी बघितलेल्या फोटोंमधली नंबर एकची चूक आहे. खेटून ठेवलं की तीन गोष्टी होतात: मॉडेलची सावली मागे भिंतीवर पडते, कागदाचे सगळे तंतू आणि सुरकुत्या फोकसमध्ये येतात, आणि कागद रंगीत असेल तर त्याचा रंग मॉडेलवर सांडतो. हा शेवटचा प्रकार मी स्वतः भोगलाय. एकदा हौसेने हिरवा कार्डशीट लावला, फोटो बघून मीच चक्रावलो की विमानाच्या पोटाला आपण असा हिरवट रंग कधी मारला, बाटल्यासुद्धा तपासल्या. खालच्या कागदाचा उजेड उसळून पोटाला लागत होता एवढंच. तेव्हापासून भडक रंगाचा कागद बंद.

सावधान: चकचकीत कार्डशीट नको. त्यात लॅम्पचा डाग दिसतो. कापड लावणार असाल तर इस्त्री करा, कापडाचा विणलेला पोत १/७२ शेजारी गोणपाटासारखा दिसतो.

## ४. मुख्य लाइट

इथे जरा वेळ घालवा, फोटो इथेच घडतो किंवा बिघडतो.

कॅमेऱ्यावरचा किंवा मोबाइलचा फ्लॅश बंद. तो समोरून मारतो, त्यामुळे पॅनेल लाइनमध्ये सावलीच पडत नाही आणि सावली नाही म्हणजे उठाव नाही. वॉश मारून तुम्ही जी मेहनत केलीत ती फ्लॅशने एका झटक्यात पुसली.

आधी मॉडेल बाजूला ठेवा आणि त्याच्या जागी स्पेअरच्या डब्यातलं एखादं प्रायमर (रंगाआधीचा एकरंगी थर) मारलेलं जुनं धूड ठेवा, किंवा पिंगपाँगचा बॉल. लॅम्प हलवताना धक्का लागला तर रडावं लागत नाही, आणि एकरंगी वस्तूवर उजेड कसा पडतो ते जास्त स्पष्ट दिसतं.

लॅम्प मॉडेलच्या एका बाजूला, थोडा पुढे किंवा मागे, आणि वर ठेवा. घड्याळाची कल्पना करा, मॉडेल मध्यभागी, कॅमेरा सहाच्या आकड्यावर, तर लॅम्प दहा किंवा दोनवर जरा मागून, किंवा आठ-चारवर जरा पुढून. रणगाड्याचे वेल्ड, रिव्हेट, चिखलाचा खरखरीतपणा दाखवायचा असेल तर लॅम्प खाली आणि बाजूला न्या, आडवा उजेड प्रत्येक उंचवट्याला सावली देतो. विमानाच्या पंखाला पण हेच. फक्त सांध्यावरची पुट्टी नीट घासली नसेल तर तीही दिसेल, हा इशारा देऊन ठेवतो.

आता डिफ्यूझर, म्हणजे उजेड मऊ करणारा कागद. लॅम्प आणि मॉडेलच्या मध्ये ट्रेसिंग पेपर ताणून धरा, एखाद्या जुन्या फोटो फ्रेमला चिकटवला की उभा राहतो. इथे एक गैरसमज आहे, लोक कागद थेट लॅम्पच्या तोंडाला गुंडाळतात. तसं केलं की उजेड कमी होतो पण मऊ होत नाही, कारण सावली मऊ होते ती उजेडाच्या आकारामुळे. कागद लॅम्पपासून २०-३० सेंटिमीटर दूर ठेवा म्हणजे उजेड कागदभर पसरेल आणि तो अख्खा कागदच तुमचा दिवा होईल. तो कागद मॉडेलच्या जितका जवळ तितकी सावली मऊ. फ्रेममध्ये दिसत नाही इतपत जवळ आणा.

सावधान: जुना हॅलोजन किंवा तारेचा बल्ब असेल तर कागद पेटू शकतो. एलईडीच वापरा, आणि तरीही लॅम्प चालू ठेवून दुसऱ्या खोलीत जाऊ नका.

एक युक्ती, जी समजली की कागद बदलायची गरज कमी होते. छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. लॅम्प मॉडेलपासून ३० सेंटिमीटरवर आहे आणि मागचा कागद लॅम्पपासून ९० वर, म्हणजे तिप्पट अंतर, तर कागदावर उजेड नववा हिस्साच पोचतो. म्हणजे तोच राखाडी कागद फोटोत जवळपास काळा येईल. लॅम्प आणि मॉडेल दोन्ही कागदाकडे सरकवा, कागद उजळेल. (मोठा डिफ्यूझर लावला की हे गणित अगदी काटेकोर राहत नाही, पण दिशा तीच.) खालून वर गडद होत जाणारं जे सुंदर बॅकग्राउंड लोक विकत शोधत असतात ते असंच तयार होतं: लॅम्प जरा वरून, त्याच्या मागच्या कडेला काळं कार्ड लावा म्हणजे वरच्या कागदावर उजेड जाणार नाही.

तपासा: कॅमेऱ्याच्या जागेवर एक डोळा मिटून बघा. मॉडेलच्या तीन बाजू, वरची, समोरची, बाजूची, वेगवेगळ्या उजळ दिसतायत का? तिन्ही सारख्याच दिसत असतील तर लॅम्प फार समोर आहे.

## ५. सावली भरा, पण मारू नका

दुसरा लॅम्प लगेच पेटवू नका. आधी मुख्य लाइटच्या समोरच्या बाजूला पांढरं कार्ड उभं करा, मॉडेलच्या जवळ. बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं. कार्ड जवळ-लांब करून सावली किती ठेवायची ते ठरवा. दुसरा लॅम्प लागलाच तर तो लांब ठेवा, दोन्ही सारख्याच अंतरावर सारख्याच जोराचे लावले की जमिनीवर दोन सावल्या पडतात, आणि आकाशात दोन सूर्य नसतात.

चारही बाजूंनी उजेड देणारे जे लाइट टेंट मिळतात त्यांच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. दागिने किंवा डब्यांच्या फोटोला ठीक, पण वेदरिंग केलेला रणगाडा त्यात सपाट भाकरीसारखा दिसतो. घरात असेलच तर एकाच बाजूने लॅम्प लावा आणि दुसऱ्या बाजूच्या भिंतीला रिफ्लेक्टरचं काम करू द्या.

ग्लॉस गाडीचा मामला वेगळा. चकचकीत गाडीचा फोटो काढताना आपण खरं तर तिच्यात उमटलेल्या खोलीचा फोटो काढत असतो, म्हणून तिथे लॅम्प कुठे ठेवायचा ह्यापेक्षा गाडीत काय दिसतंय ते बघा. डिफ्यूझरचा कागद गाडीच्या बरोबर वर आडवा धरा, बॉनेटपासून डिकीपर्यंत, म्हणजे छतावर एक सलग पांढरी झळाळी येईल. मग दोन्ही बाजूंना काळी कार्डं, त्यांचं प्रतिबिंब दारांच्या कडेला गडद रेघ देतं आणि गाडीचा आकार उठून येतो. कागदावर सुरकुती असेल तर ती बॉनेटवर दिसणार. पोलरायझर फिल्टर रंगावरची आणि काचेवरची चमक बरीच मारतो, क्रोमवर मात्र त्याचं काही चालत नाही.

कॅनोपीवर लॅम्पचा पांढरा ठिपका येत असेल तर कॅमेरा न हलवता लॅम्प थोडा वर किंवा मागे घ्या, ठिपका सरकत सरकत निघून जातो.

## ६. आता कॅमेरा

उंची आधी. आपण उभे राहून खाली बघत फोटो काढतो म्हणून मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. त्या स्केलचा माणूस जिथून बघेल तिथे लेन्स हवी. डोळ्याची उंची १६० सेंटिमीटर धरली तर १/७२ ला ती २.२ सेंटिमीटर, १/४८ ला ३.३, १/३५ ला ४.६ आणि १/२४ ला ६.७ येते. हो, एवढी खाली. मोठा कॅमेरा एवढा खाली जात नाही, मग मॉडेलच टेबलाच्या कडेला आणा आणि ट्रायपॉड टेबलाच्या खालच्या बाजूला लावा. मोबाइल उलटा धरा, लेन्स खाली येते, फोटो नंतर सरळ होतो. प्रत्येक फोटो असाच काढा असं नाही, कॉकपिट किंवा पंखाचं काम दाखवायला वरून हवाच, पण पहिला मुख्य फोटो ह्या उंचीवरून.

अंतर नंतर. जवळ जाऊन वाइड लेन्सने काढलं की विमानाचं नाक फुगतं आणि शेपटी बारीक होते. मागे सरका आणि झूम करा, मोबाइलला वेगळी २ किंवा ३ एक्सची लेन्स असेल तर ती वापरा. बऱ्याच फोनमध्ये फार जवळ गेलं की मॅक्रो मोड स्वतःहून चालू होतो आणि गुपचूप अल्ट्रा-वाइड लेन्स लागते, तो बंद करा. पोर्ट्रेट मोडही बंद, तो अँटेना, तोफेची नळी, प्रोपेलरची पाती कापून टाकतो.

## ७. सेटिंग

ट्रायपॉड आहे म्हणजे उजेड कमी असला तरी हरकत नाही, शटर एक सेकंद उघडं राहिलं तरी मॉडेल कुठे पळत नाही. म्हणून:

आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १००, किंवा कॅमेऱ्यात जो मूळचा कमी असेल तो. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) एफ ११ पासून सुरू करा, एफ १६ पर्यंत जा. त्यापुढे एफ २२ वगैरे केलं की सगळं फोकसमध्ये येतं खरं पण डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्यामुळे, सगळंच थोडं मऊ पडतं. मोबाइलवाल्यांना अ‍ॅपर्चर बहुधा बदलता येत नाही, पण लहान सेन्सरमुळे त्यांना फोकसची खोली आपोआप जास्त मिळते, इथे मोबाइल खरंच पुढे आहे.

व्हाइट बॅलन्स (पांढरा कशाला धरायचा ते सांगणारं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. मॉडेलच्या जागी पांढरा कागद किंवा ग्रे कार्ड ठेवून कस्टम घ्या, मोबाइलच्या प्रो मोडमध्ये बल्बवरचा केल्व्हिनचा आकडा टाका. ऑटोवर ठेवलं की हिरवा रणगाडा बघून कॅमेरा फोटोत गुलाबी मिसळतो.

फोकस पंखाच्या टोकावर नाही, कॉकपिटच्या जवळच्या कडेवर किंवा टरेटच्या (रणगाड्याच्या फिरत्या डोक्याच्या) पुढच्या भागावर. मोबाइलला तिथे बोट दाबून ठेवून लॉक करा. एक्स्पोजर राखाडीवर बहुधा जसंच्या तसं चालतं, पांढऱ्या कागदावर +१ च्या आसपास वाढवा, काळ्यावर -१ ने कमी करा. मग दोन सेकंदांचा टायमर, हात मागे, श्वास घेतला तरी चालेल पण टेबलाला टेकू नका.

तपासा: पहिला फोटो पूर्ण झूम करून बघा. पांढऱ्या डेकलमध्ये अजून तपशील आहे का, की नुसता पांढरा डाग? डाग असेल तर एक्स्पोजर कमी करा. फोटोत आडवे गडद-फिके पट्टे दिसतायत? तो एलईडीचा फ्लिकर, म्हणजे न दिसणारी लुकलुक, शटर १/५० सेकंदापेक्षा हळू करा, जाईल.

नाकापासून शेपटीपर्यंत सगळं धारदार हवंच असेल तर फोकस स्टॅकिंग. मॅन्युअल फोकसने जवळच्या टोकापासून लांबच्या टोकापर्यंत ८ ते १२ फोटो, मध्ये काहीही न हलवता, मग सॉफ्टवेअरमध्ये एकत्र. पण पहिल्या दिवशी ह्याच्या नादी लागू नका.

## ८. आकाश आणि ऊन हवं असेल तर

राखाडीवर हात बसल्यावरच इकडे या. डायोरामासाठी (मॉडेलभोवती जमीन-झाडांसकट उभा केलेला देखावा) मागे आकाशाचा प्रिंट लावायचा तर तो मॅट कागदावर हवा, थोडा धूसर हवा, आणि मॉडेलपासून चांगला लांब. दोन चुका इथे हमखास होतात. पहिली, क्षितिज. क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असतं, म्हणून प्रिंटमधली क्षितिजाची रेघ टेबलापासून बरोबर लेन्सच्या उंचीवर आली पाहिजे. ती वर-खाली असली की रणगाडा एक तर खड्ड्यात दिसतो किंवा हवेत. दुसरी, सूर्य. प्रिंटमधल्या ढगांवर उजेड डावीकडून असेल तर तुमचा लॅम्पही डावीकडेच.

उन्हासाठी डिफ्यूझर काढून टाका, ऊन मऊ नसतं. आकाशात सूर्य साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून सावलीची कड तशी यायला दिवाही तेवढाच दिसायला हवा: ५ मिलिमीटरचा एलईडी ५७ सेंटिमीटरवर धरला की अर्धा अंश होतो. म्हणजे जुन्या मोबाइलचा टॉर्च इथे मोठ्या स्टुडिओ लाइटपेक्षा चांगला सूर्य आहे. उजेड कमी पडतो, मग शटर लांबवा. सावलीच्या बाजूला किंचित निळसर कार्ड, कारण उन्हातल्या सावलीत आकाशाचा उजेड असतो. कार्ड नसेल तर सावली ठार काळी येते आणि अवकाशात काढल्यासारखं वाटतं.

## ९. एडिटिंग, दहा मिनिटांत

क्रॉप, लेव्हल्स (उजेड-अंधाराचा तोल), राहिलेली धूळ, थोडं शार्पनिंग, बस. बॅकग्राउंड कापून दुसरं चिकटवायचा मोह आवरा, अँटेनाच्या तारा कापल्या जातात आणि कडेने कात्रीचा माग राहतो. सॅच्युरेशनला (रंगांच्या भडकपणाला) हात लावायच्या आधी मॉडेल प्रत्यक्ष स्क्रीनशेजारी ठेवून रंग जुळवा, हे मॉडेलवाल्यांना शक्य आहे आणि बहुतेक जण विसरतात.

आणि सगळं आवरण्याआधी लॅम्पच्या पायाभोवती, ट्रायपॉडच्या पायांजवळ आणि मॉडेलच्या जागी चिकटपट्टीच्या खुणा करा, सेटिंगचे आकडे त्याच पट्टीवर पेनाने लिहा. पुढचं किट पूर्ण होईल तेव्हा हे काहीही आठवणार नाही.